पेट्रोल पंपाखालची माती आणि आपल्या विहिरीचे पाणी

(सिंदी (रेल्वे), जि. वर्धा येथे समितीचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या भाषणाची संहिता)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. आपल्या व्यासपीठावरून शिक्षणावर, नोकऱ्यांवर, व्यसनमुक्तीवर भाषणे होतात, आणि ती व्हायलाच हवीत. पण आम्ही आज जमिनीखाली पुरलेल्या पेट्रोल-डिझेलच्या टाक्यांविषयी, त्या गळल्या तर मातीचे आणि पाण्याचे काय होते याविषयी आणि ते शोधून कसे काढायचे याविषयी बोलणार आहोत. हा विषय केवळ इंजिनिअरांचा नाही. ज्यांच्या घरचे पाणी विहिरीतून किंवा बोअरमधून येते, त्या प्रत्येकाचा हा विषय आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. तो माणूस म्हणून जगण्याचा हक्क होता. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगितले की, घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा यांचा हक्क येतो. म्हणजे आता प्रश्न पाण्यापर्यंत पोहोचण्यापुरता राहिलेला नाही. हाती आलेले पाणी पिण्यालायक आहे काय, हे विचारण्याचाही आपल्याला हक्क आहे. मात्र हा हक्क नुसता सांगून चालत नाही, तो पुराव्याने मांडावा लागतो. पुरावा कसा गोळा होतो, हे आज आपल्याला समजून घ्यायचे आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. सिंदीत अमुक ठिकाणी गळती झाली आहे, असे आमचे म्हणणे नाही. कोणावर बोट दाखवायला आम्ही आलेलो नाही. परंतु आपले गाव नागपूर-वर्धा या मोठ्या रेल्वेमार्गावर आहे. गावाच्या नावातच रेल्वे आहे. ड्राय पोर्टच्या योजनेमुळे इकडे मालमोटारींची वर्दळ वाढणार, हे लहान मूलही सांगेल. जिथे वाहने तिथे डिझेल, आणि जिथे डिझेल तिथे जमिनीखाली टाकी. पेट्रोल पंप, एस.टी.चे आगार, जुने कारखाने, मोठ्या जनरेटरच्या जागा, अशा अनेक ठिकाणी इंधन साठवले जाते किंवा पूर्वी साठवले जात होते. म्हणून दुखणे येण्याआधीच ते ओळखायला शिकावे, हे शहाणपणाचे आहे.

टाकी गळते कशी?

पेट्रोल पंपावर आपल्याला दिसते ते इंधन सोडणारे यंत्र. खरा साठा त्याच्यापासून थोड्या अंतरावर, जमिनीच्या पोटात असतो. वीस हजार लिटरची लोखंडी टाकी ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. तिचा तळ दहा-बारा फूट खोल असतो. टाकीपासून यंत्रापर्यंत पाइप गेलेले असतात. गळती टाकीला भोक पडूनच होते असे नाही. पुष्कळदा ती पाइपच्या सांध्यातून होते. टँकर रिकामा करताना टाकी जास्त भरली तर भरण्याच्या तोंडापाशी इंधन सांडते आणि ते सांडणे वर्षानुवर्षे एकाच जागी होत राहते.

आपली काळी माती या बाबतीत फार त्रासदायक आहे. वावरात काम केलेल्यांना ठाऊक आहे, ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. वर्षातून एकदा तिचा हा श्वास चालतो. तिच्यात पुरलेल्या पाइपला त्यामुळे दरवर्षी पीळ बसतो. शिवाय ही माती ओल धरून ठेवते आणि ओल्या चिकणमातीत लोखंड लवकर गंजते. टाकीभोवती वाळू भरतात खरी, पण बाहेर चिकणमाती आणि आत वाळू असली की पावसाळ्यात तो खड्डा हौदासारखा पाण्याने भरतो. अशा वेळी टाकी रिकामी असेल आणि खालच्या काँक्रीटला नीट जखडलेली नसेल, तर ती होडीसारखी वर उचलली जाऊ शकते. मग पाइप तुटणारच.

आता विद्यार्थ्यांसाठी एक हिशेब. एका सांध्यातून सेकंदाला एक थेंब गळतो असे धरा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला सुमारे सव्वाचार लिटर आणि वर्षाला सुमारे १,५७५ लिटर. हजारो लिटरची रोजची विक्री असलेल्या पंपावर सव्वाचार लिटर कोणाच्या डोळ्यात भरणार? वर जमीन कोरडी, फरशी स्वच्छ, धंदा सुरळीत. खाली मात्र वर्षाला दीड हजार लिटर मातीत जात राहते.

गळलेले इंधन जाते कुठे?

ते चार रूपांत राहते. काही भाग मातीच्या कणांना चिकटून बसतो. काही भाग वाफ होऊन मातीतल्या पोकळ्यांत पसरतो आणि तळघरात, गटारात, विहिरीच्या पोकळीत शिरतो. काही भाग खाली उतरत भूजलापर्यंत पोहोचतो आणि पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे त्यावर तरंगतो. चौथा भाग पाण्यात विरघळतो. डोळ्यांना न दिसणारा हा चौथा भाग सर्वात लांब जातो.

पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचे द्रव्य असते. त्याच्यामुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे जगभरच्या वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम सांगितली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू असलेल्या बीएस-६ मानकानुसार पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त एक टक्का असू शकते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये दहा मिलिलिटर, वजनाने पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. हे सगळे पाण्यात उतरले तर सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत दूषित करायला ते पुरेसे आहे. आणि हा फक्त एका लिटरचा हिशेब झाला.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, बेंझीन मर्यादेच्या शेकडो पट वाढेपर्यंत त्याचा स्वतःचा वास पाण्यात जाणवत नाही. पेट्रोलमधल्या इतर काही द्रव्यांचा वास लवकर येतो, म्हणून वास आला तर संशय घ्यावा हे खरे. पण वास नाही म्हणजे पाणी चांगले, हा समज सोडून द्यावा.

अलीकडच्या काळातील एक बदलही ध्यानात ठेवला पाहिजे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. मातीतले जिवाणू इथेनॉल आवडीने खातात आणि ते खाताना तिथला प्राणवायू संपवून टाकतात. मग बेंझीन खाऊन टाकायला त्यांना प्राणवायू उरत नाही आणि बेंझीन पाण्यात अधिक लांबपर्यंत टिकते. जुन्या पंपांच्या जागी आणखी एक शिल्लक असू शकते, ती शिशाची. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. पण त्याआधी जे सांडले, त्यातले शिसे काही कुजून नाहीसे होत नाही.

जगाने काय अनुभवले?

अमेरिकेत १९७७ साली प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरींजवळच्या पंपाच्या टाकीतून सुमारे अकरा हजार लिटर पेट्रोल गळले. गावाला त्या विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. अशा घटना वाढल्यावर १९८४ साली त्या देशाने जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायद्यात खास तरतूद केली. तेव्हापासून तिथे साडेपाच लाखांहून अधिक गळत्यांची अधिकृत नोंद झाली आहे. त्यांच्या टाक्या आपल्यापेक्षा वाईट होत्या असे नाही. त्यांनी शोधायला सुरुवात केली, म्हणून त्यांना सापडल्या. जिथे कोणी शोधत नाही तिथे आकडा शून्य असतो आणि त्या शून्यावर समाधान मानणे धोक्याचे असते.

आपल्या देशातही चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ साली लोकांच्या बोअरच्या पाण्यात इंधन उतरले. तिथे टाकी नव्हती, बंदरापासून डेपोपर्यंत जमिनीखालून गेलेली जुनी इंधनवाहिनी गळत होती. लोकांनी तक्रार केली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. टाकी असो की वाहिनी, मातीला आणि पाण्याला त्याचा फरक पडत नाही.

दुसरे उदाहरण राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिच्छडी गावाचे आहे. तिथे विष पेट्रोलचे नव्हते, रासायनिक कारखान्यांचे होते, पण वाट तीच, माती आणि विहीर. विहिरींचे पाणी लाल झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला की, ज्याने प्रदूषण केले त्यानेच माती आणि पाणी पूर्ववत करण्याचा खर्च सोसला पाहिजे. तरीही कारखानदार टाळाटाळ करीत राहिले आणि २०११ साली न्यायालयाला पुन्हा, सुमारे ३७ कोटी रुपये व्याजासह भरा, असे बजावावे लागले. न्याय गावाच्या बाजूने होता, पण तो पदरात पडायला किती वर्षे लागली ते पाहा. ज्या गावाकडे पहिल्या दिवसापासूनच्या लेखी नोंदी असतात, त्या गावाचा काळ थोडा तरी वाचतो. आजच्या भाषणाचे मर्म आम्हाला याच ठिकाणी दिसते.

तपास होतो कसा?

मित्रहो, मातीचा तपास म्हणजे जमिनीत चार खड्डे करणे नव्हे. त्याला क्रम आहे. डॉक्टर आधी विचारतो, मग तपासतो, मग रक्त तपासायला पाठवतो. इथेही तसेच आहे.

पहिली पायरी कागदाची. पंपावर रोज सकाळी डिप घेतात, म्हणजे खुणा केलेली काठी टाकीत सोडून साठा मोजतात. कालचा साठा, आलेला माल, झालेली विक्री आणि आजची डिप यांचा मेळ बसला पाहिजे. एखाद्या दिवशी फरक पडला तर लगेच गळती म्हणता येत नाही. पेट्रोल तापमानाने फुगते आणि आकसते. दहा अंशांच्या फरकाने वीस हजार लिटरमागे दोनशे लिटरच्या आसपास तफावत येऊ शकते. पण तूट महिनोन् महिने एकाच दिशेने जात असेल, तर ती उन्हाची करामत नाही. काठीला खास लेप लावून टाकीच्या तळाशी पाणी आहे काय, हेही पाहतात. पावसाळ्यात टाकीत वारंवार पाणी सापडू लागले, तर बाहेरचे आत येण्याची वाट आहे असा अर्थ होतो. आणि जिथून आत येता येते, तिथून बाहेरही जाता येते.

दुसरी पायरी इतिहासाची. या जागी पूर्वी काय होते? जुनी टाकी काढली की तशीच पुरून ठेवली? उतार कोणत्या बाजूला आहे? नाला कुठे, गटार कुठे, कोणाची विहीर किती फुटांवर? ही माहिती पुष्कळदा सरकारी कागदात मिळत नाही, ती म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असते. इथे बसलेल्या आजोबा-आजींची साक्ष या कामात यंत्राइतकीच मोलाची आहे. तपास करणारे मग तीन गोष्टींचा नकाशा मांडतात. विष निघाले कुठून, ते कोणत्या वाटेने चालले आणि वाटेत कोणाचे घर किंवा विहीर लागते.

तिसरी पायरी वाफेची. जमिनीत बारीक छिद्रे करून मातीतली हवा ओढतात आणि ती वाफ ओळखणाऱ्या यंत्राने तपासतात. मातीचा नमुना बरणीत बंद करून, काही वेळ ठेवून, वरच्या मोकळ्या जागेतली हवाही यंत्राने तपासतात. नाकाने हुंगत नाहीत, कारण ती वाफ विषारी असते.

चौथी पायरी बोअरची. ठरावीक खोलीवर मातीचे नमुने घेतात. वरची काळी माती, तिच्या खालचा मुरूम, मग झिजलेला खडक, अशी प्रत्येक थराची नोंद करतात. नमुना बरणीत गच्च भरून लगेच बर्फात ठेवतात, कारण ही द्रव्ये उडून जाणारी आहेत. उन्हात तासभर पडलेला नमुना प्रयोगशाळेत निर्दोष ठरू शकतो. प्रत्येक बरणीवर जागा, खोली, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचे नाव लिहितात. बरणी कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली याचाही कागद असतो. न्यायालयात हा कागद नसेल, तर बरणीला किंमत नसते.

पाचवी पायरी पाण्याची. निरीक्षणासाठी किमान तीन विहिरिका खोदतात, तीही एका रेषेत न ठेवता त्रिकोणात. तिन्हीतल्या पाण्याची पातळी मोजली की, भूजल कोणत्या दिशेने वाहते ते भूमितीने काढता येते. पाण्यावर इंधनाचा थर असेल तर तो किती जाड आहे, हेही मोजतात. या विहिरिकांतून वरचे पाणी खाली झिरपू नये म्हणून पाइपभोवती बेंटोनाइट नावाची फुगणारी माती भरतात. विद्यार्थ्यांना ऐकून गंमत वाटेल, आपली काळी माती ज्या चिकण खनिजामुळे फुगते, त्याच कुळातले खनिज बेंटोनाइटमध्ये असते.

सहावी पायरी प्रयोगशाळेची. तिथे बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन ही चार द्रव्ये आणि एकूण तेलकट अंश मोजतात. पेट्रोल आणि डिझेल यांची घडण वेगळी असल्यामुळे जमिनीत काय मुरले आहे, हेही त्यावरून कळते.

आपल्या भागात हा तपास अधिक जपून करावा लागतो, कारण खाली दख्खनचा काळा खडक आहे. वाळूच्या जमिनीत पाणी सगळीकडून सारखे झिरपते. आपल्या खडकात मात्र ते फटींतून आणि भेगांतून चालते. म्हणून जवळची विहीर चांगली आणि लांबची विहीर खराब, असेही घडू शकते. दोन खडकथरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो पाण्याला अडवतो आणि आडवा नेतो. त्यात पावसाळ्यात भूजल वर येते, उन्हाळ्यात खाली जाते आणि तरंगणारे इंधन भिंतीला रंग फासावा तसे त्या सगळ्या उंचीवरच्या मातीला फासले जाते. म्हणून एकाच ऋतूत एकदाच तपासून निकाल देऊ नये. निदान मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासणी झाली पाहिजे.

आपण काय करावे?

समजा, पंपापासून शंभर-दीडशे फुटांवरच्या विहिरीला वास येऊ लागला. आपल्याकडे साधारण काय होते? दोन दिवस चर्चा होते, कोणी पंपावर जाऊन भांडून येतो, मग पाऊस पडतो, वास कमी होतो आणि विषय संपतो. ज्यांची ऐपत असते ते दुसरीकडचे पाणी आणतात. ज्यांची नसते ते तेच पाणी पितात. असे होऊ द्यायचे नसेल, तर खालील गोष्टी कराव्यात.

पहिले, ते पाणी पिणे आणि स्वयंपाकाला वापरणे लगेच थांबवावे. उकळून घेऊ, असे म्हणू नये. उकळताना ही द्रव्ये घरातल्या हवेत येतात.

दुसरे, आणि हे फार कळकळीने सांगतो, विहिरीत कोणीही उतरू नये. कंदील, मेणबत्ती, काडी विहिरीजवळ नेऊ नये, बिडी ओढू नये, मोटार चालू करू नये. इंधनाची वाफ हवेपेक्षा जड असते. ती विहिरीत साचते. ती माणसाला बेशुद्ध करते आणि ठिणगीने पेट घेते. धाडस दाखवायची ही जागा नाही.

तिसरे, वही घालावी. तारीख, वेळ, विहिरीच्या काठापासून पाणी किती खाली, आदल्या दिवशी पाऊस झाला काय, वास कसा, पाण्यावर तवंग आहे काय, आणि पाहणाऱ्या दोघांच्या सह्या. तवंग दिसला तर एक सोपी परीक्षा आहे. बाहेर काढलेल्या पाण्यातला तवंग काडीने हलवा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळे राहिले, तर तो बहुधा लोहजिवाणूंचा तवंग असतो. फुटून पुन्हा एकत्र आला, तर तेलाचा संशय घ्यावा. ही खात्रीची परीक्षा नव्हे, पण तक्रारीत लिहिण्याजोगी आहे.

चौथे, तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ती नगर परिषदेला, तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर येथील कार्यालयाला द्यावी. पेट्रोलियम साठ्यांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालयही नागपूरलाच आहे. विहिरींची आणि भूजलाची माहिती भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे असते. आपल्या गावापासून रेल्वेने तास-दीड तासावर देशपातळीची कार्यालये आहेत, त्यांचे दार आपण ठोठावत नाही. तक्रारीत ‘पाणी खराब आहे’ एवढेच लिहू नये. ‘मातीची, मातीतल्या वाफेची आणि पाण्याची बेंझीनसह तपासणी व्हावी आणि अहवालाची प्रत आम्हाला मिळावी’ असे लिहावे. पाण्याची नेहमीची तपासणी म्हणजे क्षार, गढूळपणा, जंतू. त्या तपासणीत बेंझीन दिसत नाही. मग पाणी ‘योग्य’ असा शेरा येतो आणि तक्रारदार खोटा पडतो. अहवाल मिळत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागावा.

कायदाही आता थोडा पुढे आला आहे. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पंपांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत शाळा, दवाखाने आणि निवासी भाग यांपासून ५० मीटर आणि कोणत्याही परिस्थितीत किमान ३० मीटर अंतर सांगितले आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी नियम लागू केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा आणि राज्याच्या मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, असे त्यात आहे. पण जागा दूषित ठरल्यावर ती किती दिवसांत स्वच्छ झालीच पाहिजे, अशी ठाम मुदत त्यात घातलेली नाही. म्हणजे पाठपुरावा आपल्यालाच करावा लागणार. आणि सहामाही अहवालात आपल्या वस्तीचे नाव येण्यासाठी कोणीतरी लेखी कळवलेले असले पाहिजे. न बोलणाऱ्या वस्तीचे नाव कोणत्याच यादीत येत नसते.

एक सावधगिरीची सूचनाही करतो. पंपचालक हा आपला शत्रू नव्हे. अनुसूचित जाती-जमातींसाठी पंप वितरणात राखीव जागा आहेत आणि आपल्या समाजातील काही तरुण आज हा व्यवसाय करतात. पंपावर नळी धरून दिवसभर उभा राहणारा मुलगाही आपल्याच घरचा असतो आणि ती वाफ सगळ्यांत आधी त्याच्या छातीत जाते. टाकी गळणे हे चालकाचेही नुकसान आहे. म्हणून तपास होण्याआधी कोणाला दोषी ठरवू नये, आणि तपास झाल्यावर कोणाला पाठीशी घालू नये.

दूषित माती सुधारता येते काय, असे विद्यार्थी विचारतील. येते. माती काढून तिच्यावर प्रक्रिया करता येते, वाफ शोषून घेता येते, तरंगणारे इंधन उपसता येते. तेल खाणारे जिवाणूही वापरता येतात. दिल्लीच्या टेरी संस्थेने तयार केलेले ‘ऑइलझॅपर’ हे असेच जिवाणूंचे मिश्रण आहे. पण या सगळ्याला काळ आणि पैसा लागतो. एक सांधा वेळेवर बदलण्याचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचे चार शब्द तुमच्यासाठी. नागपूरला नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आहे. मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्थाही नागपूरलाच आहे. भूगर्भशास्त्र, मृदाशास्त्र, रसायनशास्त्र हे विषय गुण कमी पडले म्हणून घ्यायचे विषय आहेत, हा गैरसमज काढून टाका. ज्या वस्तीत एक मुलगी भूगर्भशास्त्र शिकलेली असेल, त्या वस्तीच्या तक्रारीला सहज केराची टोपली दाखवता येणार नाही. अहवालातला आकडा तिला वाचता येईल. नमुना चुकीच्या जागी घेतला तर ती तिथल्या तिथे सांगेल. ‘शिका’ या शब्दाचा एक अर्थ हाही आहे.

समितीच्या पदाधिकाऱ्यांना आमची नम्र विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात आपल्या वस्त्यांतील सगळ्या विहिरी आणि बोअर यांची एक नोंदवही तयार करावी. कोणती विहीर किती खोल, पाणी किती फुटांवर, जवळ कोणता साठा किंवा जुनी टाकी, एवढेच त्यात असावे. आज पाणी चांगले आहे तेव्हाच ही नोंद व्हायला हवी. उद्या काही बिघडले, तर आधी चांगले होते हे त्या वहीवरूनच सिद्ध करता येईल. या कामाला ना मोठा निधी लागतो, ना कोणाची परवानगी. एक वही, एक दोरी, एक टेप आणि चार होतकरू विद्यार्थी पुरेसे आहेत. ती वही दरवर्षी मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा भरावी.



जयभीम! जय भारत!